तुंबडी ते व्हॅक्यूम : अडलेल्या बाळंतपणाचा इतिहास

१/ मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर बाळापूरचा किल्ला उभा आहे. ऑगस्ट १७२० मध्ये याच परिसरात निजाम-उल-मुल्क आणि आलम अली खान यांच्या सैन्यांची गाठ पडली. आलम अली मारला गेला आणि दक्षिणेच्या सत्तेचा मार्ग निजामाला मोकळा झाला. त्या दिवशी कोण पडले, कोण कैद झाले, याच्या नोंदी तवारिखांत आहेत.

२/ त्याच वर्षी त्याच गावात किती बायका बाळंतपणात गेल्या, हे मात्र कोणी लिहून ठेवले नाही. लढाई क्वचित होई. बाळंतपण रोजचे होते. "बाई अडली" हे दोन शब्द कानावर आले की घरातले बोलणे थांबे. हा धागा त्या अडलेल्या बाईचा, तिच्या बाळाचा आणि दोघांना वाचवण्यासाठी घडवल्या गेलेल्या एका वाटीचा आहे. आज तिला 'व्हॅक्यूम' म्हणतात.

३/ आधी 'अडणे' म्हणजे काय ते पाहू. गर्भाशयाचे तोंड पूर्ण, म्हणजे सुमारे १० सेंमी उघडते. बाळाचे डोके कटिभागात उतरते. आता आईने कळ देऊन बाळ बाहेर ढकलायचे असते. पण कधी तिची शक्ती संपते, कधी डोके किंचित वाकडे वळलेले असते, कधी बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावू लागतात. बाळ वाटेवर असते आणि वेळ मात्र संपत आलेली असते.

४/ या प्रसंगाचे शास्त्रीय वर्णन आपल्याकडे फार जुने आहे. सुश्रुतसंहितेत 'मूढगर्भ' या नावाने त्याचे स्वतंत्र निदान आणि स्वतंत्र चिकित्सा सांगितली आहे. कील, प्रतिखुर, बीजक आणि परिघ असे अडलेल्या गर्भाचे प्रकार त्यात येतात. अडलेला गर्भ बाहेर काढण्याइतके कठीण दुसरे कर्म नाही, असे ग्रंथकार स्पष्टपणे नोंदवतो.

५/ त्याच ठिकाणी दोन अटी घातल्या आहेत. पहिली, वैद्याने अधिकारी व्यक्तीची अनुमती घेऊनच कामाला हात घालावा. दुसरी, गर्भ जिवंत असेल तर शस्त्र चालवू नये, कारण त्याने आई आणि बाळ दोघेही दगावतील. शस्त्र होते ते मृत गर्भासाठी. जिवंत बाळाला इजा न करता ओढून घेणारे साधन त्या काळी जगात कुठेच नव्हते. मात्र 'केव्हा हात घालू नये' हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता.

६/ साधन नसणे म्हणजे काय, हे वऱ्हाडाच्या सीमेलगत बुऱ्हाणपुरात जून १६३१ मध्ये दिसले. शाहजहानची बेगम मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात तिथेच मरण पावली. मुलगी जगली, आई गेली. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे तिच्या मृत्यूचे कारण सहसा सांगितले जाते. त्यावर कोणत्याही वाटीचा वा चिमट्याचा इलाज चालला असता असे म्हणता येत नाही. पण साम्राज्याची सारी संपत्ती दाराशी असून बाळंतिणीच्या बाजेपाशी ती निरुपयोगी ठरली, एवढे खरे.

७/ योगायोग असा की त्याच १६३१ साली लंडनमध्ये थोरला पीटर चेंबरलेन वारला. फ्रान्समधून इंग्लंडमध्ये आश्रयाला आलेल्या या कुटुंबाने बाळाचे डोके दोन्ही बाजूंनी धरून ओढणारा चिमटा, म्हणजे आजचा फोर्सेप्स, तयार केला होता. जिवंत बाळ जिवंतच बाहेर काढणारे हे पहिले साधन. आणि या कुटुंबाने ते शंभराहून अधिक वर्षे गुप्त ठेवले.

८/ १६७० मध्ये याच घराण्यातील ह्यू चेंबरलेन हे गुपित विकायला पॅरिसला गेला. तिथल्या फ्रान्स्वा मोरिसो या नामवंत प्रसूतितज्ज्ञाने त्याच्यासमोर अत्यंत अरुंद कटीची एक अडलेली स्त्री ठेवली. थोड्याच वेळात प्रसूती करून दाखवतो, अशी ह्यूची बढाई होती. तो तीन तास झटला आणि हरला. ती स्त्री दगावली. साधन खरे होते. पण जिथे ते वापरायलाच नको होते, तिथे ते वापरले गेले.

९/ याच्या अगदी उलट घटना १८१७ ची. इंग्लंडची राजकन्या शार्लट सुमारे ५० तास कळा देत होती. तोवर चिमटा सर्वांना ठाऊक झाला होता, पण तिचे वैद्य सर रिचर्ड क्रॉफ्ट यांनी तो वापरला नाही. मुलगा मृत जन्मला, काही तासांत शार्लटही गेली. टीकेने खचलेल्या क्रॉफ्ट यांनी पुढच्या वर्षी आत्महत्या केली. नको तिथे हात घालणे आणि हवा तिथे न घालणे, या दोन चुकांच्या मधली वाट शोधणे म्हणजेच या विद्येचा इतिहास होय.

१०/ चिमट्याची एक अडचण उघड होती. त्याची पाती बाळाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंनी आत सरकवावी लागतात, म्हणजे आधीच अरुंद असलेल्या जागेत आणखी धातू जातो. त्यामुळे आईला जखमा होतात. डोक्याच्या बाजूंना स्पर्शच न करता, केवळ वरून धरून ओढता आले तर? या प्रश्नाचे उत्तर एका फार जुन्या वस्तूत दडलेले होते.

११/ ती वस्तू म्हणजे तुंबडी. वाळवलेल्या तुंब्याचे किंवा पोकळ शिंगाचे हे साधन महाराष्ट्रातल्या गावोगावी वैदू लावत असत. कातडीवर ते ठेवून आतली हवा शोषली की ते घट्ट चिकटते आणि कातडी वर उचलली जाते. युरोपात याच कामासाठी काचेचे पेले वापरत. फ्रेंच भाषेत त्याला 'व्हाँतूज' म्हणतात. इंग्लंडमधल्या प्रसूतिगृहांत व्हॅक्यूमला आजही याच शब्दाने ओळखतात. शब्दशः अर्थ घेतला तर ती तुंबडीच.

१२/ इ.स. १७०५ च्या सुमारास प्लिमथ येथील शल्यवैद्य जेम्स याँग याने अडलेल्या बाळाच्या डोक्याला असा पेला लावून पाहिला. तो प्रयत्न फसला. १८४९ मध्ये एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन याने धातूची पिचकारी आणि तिच्या टोकाला वाटी असे यंत्र बनवले. प्रसूतीच्या वेदनांवर क्लोरोफॉर्म वापरणारा हाच तो सिम्प्सन. पण यंत्रातली पोकळी पुरेशी टिकत नसे, आणि त्याने स्वतःच पुढे चिमट्याला पसंती दिली.

१३/ युरोपात हे प्रयोग चालू असताना वऱ्हाडात अडलेल्या बाईजवळ कोण होते? सुईण. तिच्या हातात अनुभव होता, धीर होता. पण बाळ कटीत रुतले की तिच्याकडेही उपाय उरत नसे. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे कापूस आला, रेल्वे आली. पण पुरुष डॉक्टरपुढे बाळंतिणीला आणणे बहुतेक घरांना मान्य नव्हते. त्यामुळे दवाखाना असूनही तो तिच्यासाठी नव्हता.

१४/ ही उणीव स्वतःच्या आयुष्यात अनुभवलेली मराठी मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. १८८६ मध्ये तिने फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. पदवी मिळवली. प्रबंधासाठी तिने निवडलेला विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. पदवीनंतर वर्षाच्या आतच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, क्षयाने तिचा अंत झाला.

१५/ याच सुमारास, १८८५ मध्ये, स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळाव्यात म्हणून लेडी डफरीन निधी स्थापन झाला. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने सुईणींच्या प्रशिक्षणासाठी वेगळा निधी उभा राहिला. या काळाच्या खुणा वऱ्हाडात अजून बोलीत आहेत. अमरावतीचे जिल्हा स्त्री रुग्णालय लोकांच्या तोंडी 'डफरीन' आहे आणि अकोल्याचे 'लेडी हार्डिंग'. बाळापूरच्या अडलेल्या बाईला न्यायचे ठिकाण म्हणजे हेच अकोला, सुमारे २५ किलोमीटरवरचे.

१६/ तरीही गती फार संथ होती. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार देशात दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २० माता दगावत. वर्षाला अंदाजे २ लाख. यातल्या सगळ्याच काही अडलेल्या बायका नव्हत्या. रक्तस्राव, जंतुदोष आणि झटके यांचाही वाटा मोठा होता. पण प्रसूती लांबत गेली की रक्तस्राव आणि जंतुदोष हे दोन्ही धोके वाढतात, म्हणून अडलेले बाळंतपण वेळेत सोडवणे या सगळ्याच्या मुळाशी होते.

१७/ तुंबडीचे तत्त्व अखेर यशस्वी झाले ते १९५० च्या दशकात. स्वीडनमधील गोथेनबर्गच्या तागे माल्मस्ट्रोम यांनी धातूची एक उथळ वाटी बनवली. तिच्या कडा आत वळलेल्या होत्या. हवा शोषली की बाळाच्या डोक्याची मऊ त्वचा वाटीत फुगून बसे आणि पकड घट्ट होई. वाटीला जोडलेली साखळी कळेबरोबर ओढायची. काढल्यावर डोक्यावर उंचवटा दिसे. फ्रेंचांनी त्याला अंबाड्याचे नाव दिले. हा उंचवटा काही तासांत ओसरू लागतो.

१८/ हे साधन काम कसे करते? हवेचा दाब साधारण ७६० मिलिमीटर पारा असतो. वाटीतील दाब त्याहून ५०० ते ६०० मिलिमीटरने कमी केला जातो. ६ सेंमी व्यासाच्या वाटीला त्यामुळे सुमारे २२ किलोपर्यंतची पकड मिळते. त्याहून जोराने किंवा तिरपे ओढले तर वाटी सुटते. म्हणजे या साधनात ताकदीची एक मर्यादा आपोआप आलेली आहे. चिमट्यात ती नव्हती.

१९/ वाटी कुठे बसवायची, यावर बरेच काही अवलंबून असते. बाळाच्या डोक्यावर पुढे मोठी टाळू आणि मागे लहान टाळू असते. दोन्हींना जोडणाऱ्या शिवणीवर, मागच्या टाळूच्या सुमारे ३ सेंमी पुढे, एक बिंदू आहे. तिथून ओढले की हनुवटी छातीकडे झुकते आणि डोक्याचा सर्वांत लहान घेर वाटेत येतो. वाटी पुढे किंवा बाजूला बसली की डोके वर उचलले जाते, मोठा घेर आडवा येतो आणि तीच ओढ इजा करू लागते. ऑस्ट्रेलियाचे अल्डो वाका यांनी हा बिंदू अचूक शोधण्याची पद्धत पुढे आयुष्यभर शिकवली.

२०/ पुढे मऊ सिलिकॉनच्या वाट्या आल्या, मग हातपंप असलेल्या प्लॅस्टिकच्या. १९९२ पर्यंत अमेरिकेतही व्हॅक्यूमने चिमट्याला मागे टाकले. साधन सोपे वाटू लागले, आणि इथेच घात झाला. मे १९९८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला : त्याआधीच्या चार वर्षांत व्हॅक्यूमशी निगडित १२ बाळांचे मृत्यू आणि ९ गंभीर इजा नोंदल्या गेल्या होत्या.

२१/ त्या इजांतील सर्वांत भयंकर प्रकार असा. बाळाच्या डोक्याची त्वचा आणि कवटी यांच्यामध्ये एक सैल पोकळी असते. ओढीने तिथली रक्तवाहिनी फाटली की त्या पोकळीत रक्त साचत जाते, आणि तिला थांबवणारी कोणतीही सीमा नसते. ३ किलोच्या बाळाच्या अंगात सारे मिळून जेमतेम पाव लिटर रक्त असते. त्यातले बरेचसे बाहेर एक थेंबही न दिसता या पोकळीत जाऊ शकते. हा प्रकार विरळा आहे, पण उशिरा लक्षात आला तर जीवघेणा.

२२/ मग व्हॅक्यूम धोकादायक ठरवून टाकून द्यायचा का? १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने याचे उत्तर गुंतागुंतीचे असल्याचे दाखवले. कॅलिफोर्नियातील पहिलटकरणींच्या ५,८३,३४० बाळांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. कवटीच्या आत रक्तस्राव होण्याचे प्रमाण असे : नैसर्गिक प्रसूतीत १,९०० मध्ये १, व्हॅक्यूममध्ये ८६० मध्ये १, चिमट्यात ६६४ मध्ये १.

२३/ पण याच अभ्यासातील पुढचा आकडा महत्त्वाचा आहे. कळा सुरू झाल्यानंतर सिझेरियन झालेल्या बाळांत हे प्रमाण ९०७ मध्ये १ होते, म्हणजे व्हॅक्यूमच्या जवळजवळ बरोबरीचे. कळांपूर्वीच सिझेरियन झालेल्यांत मात्र २,७५० मध्ये १. यावरून निष्कर्ष निघाला की धोक्याचा मोठा भाग साधनातून येत नसून अडलेल्या प्रसूतीतूनच येतो. सर्वांत वाईट गत एका साधनाने जमले नाही म्हणून लगेच दुसरे लावलेल्या बाळांची होती.

२४/ आईच्या बाजूने हिशेब वेगळा आहे. गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जाणारी जखम चिमट्याने शंभरात ८ ते १२ जणींना होते, व्हॅक्यूमने ४ पर्यंत. बाळाच्या बाजूने पाहिले तर डोक्यावरची रक्ताची गाठ आणि नंतरची कावीळ व्हॅक्यूममध्ये अधिक दिसते. त्यातल्या बहुतेक आपोआप बऱ्या होतात. आणि डोके खोल उतरल्यानंतर केलेले सिझेरियनही निर्धोक नसते : रुतलेले डोके वर काढताना गर्भाशय फाटू शकते, रक्तस्राव वाढतो आणि पुढच्या बाळंतपणावर त्या व्रणाची सावली राहते.

२५/ या सगळ्या अनुभवातून नियम घडले. गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडलेले हवे. पाणमोट फुटलेली हवी. डोके खाली उतरलेले आणि त्याची दिशा हाताला नक्की कळलेली हवी. मूत्राशय रिकामे हवे. ३४ आठवड्यांपूर्वीच्या बाळाला वाटी लावायची नाही. ओढ फक्त कळेबरोबर. तीन ओढींत बाळ पुढे सरकत नसेल, वाटी दोनतीनदा सुटली किंवा २० मिनिटे उलटली, तर थांबायचे. थांबल्यावर सिझेरियनची सोय तयार असली पाहिजे.

२६/ या यादीचा मोठा भाग 'केव्हा सुरू करू नये' आणि 'केव्हा थांबावे' याबद्दल आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पॅरिसमध्ये तीन तास झटणाऱ्या चेंबरलेनकडे साधन होते, हा नियम नव्हता. १९९८ चा इशाराही योग्य प्रशिक्षण आणि ओढण्याच्या मर्यादा यांची आठवण करून देणाराच होता. साधनावर बंदी त्याने घातली नाही. व्हॅक्यूमची सुरक्षितता बऱ्याच अंशी ओढणाऱ्या हाताच्या संयमात आहे.

२७/ प्रसूतीनंतरचा पहिला दिवसही याच सुरक्षिततेचा भाग आहे. व्हॅक्यूमने जन्मलेल्या बाळाचे डोके पुनःपुन्हा हाताने चाचपायचे असते. सूज मऊ, पाणी भरल्यासारखी हलणारी आणि कानाकडे पसरणारी असेल, बाळ पांढुरके व सुस्त पडत असेल, तर क्षणाचाही विलंब नको. अंबाड्यासारखा साधा उंचवटा दर तासाला कमी होतो. ही सूज वाढत जाते. बाळ टोपडे घालून गुंडाळून ठेवले तर दोन्हींतला फरक दिसतच नाही.

२८/ आता पुन्हा वऱ्हाडाकडे. महाराष्ट्रात २००१–०३ मध्ये लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत. २०१८–२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातल्या ९४.७ टक्के प्रसूती दवाखान्यात होतात. त्याच पाहणीत सिझेरियनचे प्रमाण २५.४ टक्के आहे. देशभरात ते २००५–०६ मध्ये ८.५ टक्के होते, २०१९–२१ मध्ये २१.५ टक्के. सिझेरियनने असंख्य जीव वाचवले, यात शंका नाही.

२९/ पण सिझेरियन जसे सहज होत जाते, तशी वाटी लावणारे हात जगभर कमी होत आहेत. ज्या डॉक्टरने शिकताना ती क्वचितच लावली, तो ती आणीबाणीत लावायला कचरतो, आणि ते योग्यच आहे. १९९७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शक सूचनांत मात्र साधनाच्या मदतीने प्रसूती ही प्रत्येक प्राथमिक प्रसूतिकेंद्रात असावी अशी सेवा मानली आहे. कारण शस्त्रक्रियागृह सर्वत्र नसते, आणि बाळाचे ठोके मंदावले की मिनिटे मोजावी लागतात.

३०/ बाळापूर ते अकोला हे २५ किलोमीटर अशा वेळी फार लांब असतात. डोके अगदी खाली आलेले आहे, नियमातल्या सर्व अटी पूर्ण आहेत आणि शिकलेला हात जवळ आहे, तर एक-दोन ओढींत बाळ जन्मू शकते. अटी पूर्ण नसतील, तर वाटीला हात न लावता वेळेआधीच अकोल्याकडे निघणे हीच सुरक्षितता. दोन्ही निर्णयांना सारखेच कौशल्य लागते.

३१/ सुश्रुताने घातलेली अनुमतीची अट आजही आहे, पण आज ती अनुमती त्या बाईची स्वतःची असते. व्हॅक्यूम का लागतो आहे, तो न जमल्यास पुढे काय होईल आणि नंतर बाळाचे डोके कोण तपासणार, हे विचारण्याचा तिला अधिकार आहे. शक्य तर ही उत्तरे कळा सुरू होण्याआधी, नवव्या महिन्याच्या तपासणीतच घ्यावीत. ऐन कळांत ऐकून घेण्याइतके भान कोणालाच नसते.

३२/ १७२० च्या बाळापुरात बाळंतपणात गेलेल्या बाईची नोंद नव्हती. २०१० पासून देशात मातामृत्यूंचे अन्वेषण होते : ती केव्हा निघाली, कुठे थांबली, कोणता उशीर झाला, हे घरी जाऊन विचारले जाते आणि कागदावर येते. लढाईत पडलेल्यांची नोंद जशी ठेवली जाई, तशी आता तिचीही ठेवली जाते. वाटीचे नियमही अशाच नोंदींतून घडले, आणि त्या प्रत्येक नियमामागे कोणाचे तरी हरवलेले बाळ किंवा आई आहे.